अक्रोडावरच्या सूचनेवर मिन्कोचा कागद लागल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य नगररचनाकार,
ब्रोदोवो नगरपालिका, तिसरा मजला,
ब्रोदोवो.

अर्जदार : स्तामेना इलिएवा दोयकोवा, वय ६८, विधवा, राहणार पोदमोस्त वस्ती, पुलाखालचे दुसरे घर.

विषय : यांत्रा नदीकाठच्या सार्वजनिक जागेच्या भावी वापराबाबतची जाहीर चर्चा पुन्हा घेणेबाबत, व सोमवारी येणारे खोदाईचे यंत्र थांबविणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची जाहीर सूचना, दि. ११ फेब्रुवारी २०१९, पुलाजवळच्या अक्रोडावर लावलेली.
२) माझ्या पतीचा चाळीस दिवसांचा श्रद्धांजलीचा कागद, त्याच दिनांकाचा, त्याच अक्रोडावर, त्याच जागी.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून मी, अर्जदार, नम्रपणे कळविते की या प्रकरणी जी चूक झाली ती माझी आहे. हे पहिल्याच कलमात लिहीत आहे, म्हणजे पुढे आपल्या कार्यालयाला ती शोधत बसावे लागू नये.

२. माझे पती मिन्को दोयकोव्ह हे ३ जानेवारी रोजी वारले. सदर जागेवरील तेपावित्सा ते १९८७ पासून आपल्याच नगरपालिकेच्या परवान्याने चालवीत होते. आपण मागच्या शरदात राजधानीतून आलात आणि आपल्या नकाशात तिची नोंद ‘अनोळखी लाकडी रचना, निरुपयोगी’ अशी आहे, म्हणून सांगते. ते वरून रुंद आणि खाली निमुळते असे ओकच्या फळ्यांचे मोठे पिंप आहे. पाटाचे पाणी उंचावरून त्यात तिरपे पडते आणि भोवऱ्यासारखे फिरते. त्यात ब्रोदोवोतल्या निम्म्या घरांच्या लोकरी सतरंज्या आणि घोंगड्या धुतल्या जातात. साबणाचा खडासुद्धा लागत नाही. पाण्याला हवा तेवढा उतार फक्त त्याच ठिकाणी आहे. नकाशावर रस्ता इकडचा तिकडे सरकवता येतो, उतार सरकत नाही.

३. आमच्या वस्तीत माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापलेला कागद दारावर आणि पुलाजवळच्या अक्रोडावर लावतात. मग चाळीस दिवसांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने. लावलेला कागद कुणी काढत नाही. वारा नेईल, पाऊस नेईल, माणसाने हात लावायचा नसतो. ही रीत आपल्या राजधानीतही आहे, त्यामुळे आपणास नवी नसावी.

४. दि. ११ फेब्रुवारी रोजी मिन्कोचे चाळीस दिवस भरले. मी दुपारी गोंदाचा डबा घेऊन अक्रोडाशी गेले. चष्मा घरी होता. डोळ्यांना पाणी होते, त्यामुळे चष्मा असता तरी फार उपयोग झाला नसता. खोडावर एकच सपाट जागा आहे. तिथे काळ्या चौकटीचा एक कागद होता, त्याचा गोंद अजून ओला होता, पण त्यावर फोटो नव्हता. ज्यावर चेहरा नाही तो मयताचा कागद नव्हे, एवढे मला समजले. वीज बंद राहणार असल्याची सूचना असेल असे मी धरून चालले. तशा सूचना येतात, संध्याकाळपर्यंत शिळ्या होतात. मी मिन्कोला त्यावर लावले आणि वरून तळहाताने नीट दाबले.

५. ती आपली सूचना होती. नदीकाठच्या अकरा एकर जागेचे पुढे काय करावे याविषयी रहिवाशांनी तीस दिवसांत मत द्यावे, असे त्यात होते. तीस दिवस वस्तीतला प्रत्येक माणूस त्या झाडाशी थांबला, छातीवर क्रूस केला, मिन्कोकडे पाहिले आणि पुढे गेला. सूचना आपल्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फलकावर आणि संगणकावरही होती असे मला सांगण्यात आले. आमच्या त्रेचाळीस घरांत संगणक दोन आहेत. एक बिघडलेला आहे, दुसऱ्यावर वस्तीतला लाझार पत्ते खेळतो.

६. जाहीर चर्चेला आपल्या कार्यालयाचे तिघे आणि त्यांचा मोटारचालक असे चौघे हजर होते. ‘रहिवाशांची हरकत नाही’ असे एकमताने ठरले. आता तिथे चौऱ्याऐंशी गाड्यांचा वाहनतळ, काँक्रीटचा फिरायचा मार्ग आणि मधोमध ‘पारंपरिक जीवनाची ओळख’ म्हणून फायबरची शोभेची तेपावित्सा होणार आहे. तिच्यात दिवे असतील, पाणी नसेल. महोदय, जिवंत गाय कापून दारात तिची मातीची मूर्ती ठेवावी, तसे हे झाले. राग आला म्हणून लिहिले, क्षमा असावी, पण खोडत नाही.

७. हे मला काल, ३ जुलै रोजी कळू लागले, तपशील आज आपल्या कार्यालयात कळले. मिन्कोचे सहा महिने झाले म्हणून मी नवा कागद लावायला गेले. जुना पावसाने सुटून एका कोपऱ्यावर लोंबत होता. हातात घेतला तर जाड लागला. दोन कागद एकमेकांना चिकटले होते. मी कडेने थोडा सोडवून पाहिला, तर आत ‘हरकती’ आणि ‘अंतिम मुदत’ हे शब्द होते. तेवढ्यात नगरपालिकेची माणसे फीत घेऊन काठ मोजायला उतरली आणि सोमवारी यंत्र येणार असे म्हणाली.

८. संध्याकाळी स्मरणाचा उकडलेला गहू वाटताना मी वस्तीला सगळे सांगितले. लपवून काय करायचे होते? लाझारच्या हातातला चमचा तसाच राहिला. “अगं स्तामेना,” तो म्हणाला, “महिनाभर रोज टोपी काढली मी त्या कागदापुढं. आणि खाली आमचीच फाशी लिहिली होती!” दोच्कामावशी त्याच्यावर ओरडल्या, “मग उचलून बघायचं होतंस की!” तो म्हणाला, “मयताचा कागद कोण उचलतं, मावशी? तुम्ही उचलला असता?” मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते. मिन्कोने हयातीत कुणाची वाट अडवली नाही, आणि मेल्यावर माझ्या हाताने अख्ख्या वस्तीची अडवली, हे मला रात्रभर डसत राहिले.

९. आज सकाळी मी आपल्या कार्यालयात पहिल्या खिडकीवर गेले. तेथील सौ. हुबेनोवा यांनी मला चर्चेचा अहवाल दाखवला. त्याच्या सहाव्या पानावर असे आहे : ‘जागेचे परवानाधारक श्री. मिन्को दोयकोव्ह यांना सूचना लावून कळविण्यात आले. मुदतीत त्यांनी हरकत घेतली नाही.’ महोदय, ते हरकत घेणार कशी? ते त्या सूचनेवरच होते.

१०. तरी मी विनंती केली की मग त्यांची हरकत आता नोंदवावी. पोदमोस्तमधून पूर्ण तीस दिवस त्या सूचनेपाशी हजर राहिलेला तोच एक रहिवासी आहे. सौ. हुबेनोवा म्हणाल्या, “मावशी, मयताची हरकत आवक वहीत चढत नाही हो.” मी विचारले, “आणि संमती चढते?” त्यांनी खिडकीत ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी ठेवली. तेव्हा सव्वादहा वाजले होते. सुट्टी संपल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “साहेबांना लिहून द्या. पण मूळ सूचना जोडा, पूर्ण वाचता येईल अशी. त्याशिवाय साहेब बघायचे नाहीत.” त्यांच्या आजीची लाल सतरंजी सध्या माझ्याकडे धुवायला आहे. हे दबाव म्हणून लिहीत नाही, खरे आहे म्हणून लिहिते.

११. वाहनतळाला वस्तीचा विरोध नाही. पुलापलीकडे बंद पडलेल्या चामड्याच्या कारखान्याचे आवार आहे. ते नगरपालिकेचे आहे, आधीच काँक्रीटचे आहे आणि तिथे मांजरांखेरीज कुणी जात नाही. गाड्या तिथे उभ्या कराव्यात. आमच्या काठावर बायकांनी सप्टेंबरात मिरच्या भाजाव्यात, म्हाताऱ्यांनी बसावे, पाटाला पाणी असावे आणि पिंपात ते फिरत राहावे. हा वापर ‘भावी’ नाही हे मला कळते. पण तो चालू आहे, आणि चालू असलेल्या गोष्टीला भविष्य नसते असे कुठल्या नियमात आहे, ते कृपया कळवावे.

१२. आता जे लिहिते ते अर्जात लिहितात की नाही मला माहीत नाही. मला भीती वाटते. माझ्या घराच्या भिंतीपासून पिंप चाळीस पावलांवर आहे आणि बत्तीस वर्षे मी त्याच्या आवाजात झोपले आहे. मिन्को गेला त्या रात्रीही पाणी फिरत होते, म्हणून घर पूर्ण रिकामे झाले नाही. ते थांबले की मी त्या घरात खरोखरची एकटी होईन, आणि तेही माझ्याच गोंदाने. दंड करावयाचा तर मला करावा. सूचना झाकण्याबद्दल जी शिक्षा असेल ती मी भोगीन. नदीकाठाला करू नये.

१३. तरी कृपाळू होऊन सोमवारचे यंत्र थांबवावे आणि चर्चा पुन्हा घ्यावी. पुढील सूचना खुशाल अक्रोडावरच लावावी, फक्त मिन्कोच्या शेजारी लावावी, वर लावू नये. या वेळी सगळे वाचतील. सोमवारी सकाळी सातपासून मी पिंपाशी असेन. ही धमकी नाही, ती माझी रोजची वेळ आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
स्तामेना दोयकोवा

ब्रोदोवो, गुरुवार, दि. ४ जुलै २०१९

सोबत :
१) परवाना, १९८७, मूळ प्रत.
२) वस्तीतील एकसष्ट जणांच्या सह्या. लाझारने दोनदा केली आहे, एक खोडावी.
३) मूळ सूचना. तिच्यावर माझ्या पतीचा कागद पक्का बसला आहे. वाचता येईल अशी करून द्या असे सांगितल्यावरून मी आज दुपारी दोन्ही वेगळे करू लागले. त्याच्या कानापर्यंत आले, तिथे चेहरा फाटू लागला म्हणून थांबले. पूर्ण वाचणे आवश्यकच असेल तर मला बोलवावे. मी येईन आणि उरलेले माझ्या हाताने फाडीन. आपल्या माणसांनी हात लावू नये.