बाबांचं अर्धा इंच हसू

ती. आत्यास,

हेमाचा वाकून नमस्कार. (तुझे गुडघे दुखतात, तेव्हा आशीर्वाद बसूनच दे.)

बाबा बरे आहेत, हे आधी वाच आणि मग पुढचं.

गेल्या गुरुवारी सकाळी माझा उपमा खाताना बाबांचं तोंड वाकडं झालं. आता तूच सांग, तुझ्या भावाचं तोंड माझ्या स्वयंपाकावर कधी सरळ असतं? मी दुर्लक्ष केलं. हातातून चमचा पडला, तेव्हाही मला वाटलं, हा अभिप्रायच. तेवढ्यात खालच्या शिलाईवाल्या जिनतभाभी ब्लाउज द्यायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "हेमाताई, काकांचा उजवा ओठ अर्धा इंच खाली आलाय. आधी रिक्षा बोलवा." आयुष्यभर मापं घेतलेली नजर ती! मी मुलगी असून मला ते दिसलं नाही, ही टोचणी अजून जात नाही. कर्वेनगरातून इस्पितळात पोचेपर्यंत त्या बाबांचा हात धरून बसल्या होत्या. त्यांचे उपकार मी कुठल्या शब्दांत मानू?

झटका अगदी छोटा होता, हात आणि ओठ दोन दिवसांत जागेवर आले. पण मेंदूतली एक रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. बाबांनी लगेच विचारलं, "मग स्टेंट कधी?" डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फार नाजूक, तिथे नळी घालण्यातच धोका असतो, आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तदाब ताब्यात, मीठ कमी आणि रोज चालणं. बाबांचा अपमानच झाला. "समोरच्या केदारच्या वडिलांना दोन स्टेंट, आणि आम्हाला नुसत्या गोळ्या!" (ते हृदयात आहेत, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "म्हणजे डोक्याला किंमतच नाही.") जिनतभाभींचे आभार त्यांनी असे मानले: "ब्लाउज तिरके शिवता, पण माणसाचं तिरकं बरोबर ओळखता." त्या हसून हसून दमल्या. मला मात्र रडू आलं. हे टोमणे कायमचे थांबले असते, आत्या.

तुझी,
हेमा

ता. क. फोन न करता पत्र लिहिलं, कारण घरात बाबा सगळं ऐकतात. सोमवारपासून त्यांनी गोळ्या बंद केल्यात. "हात चालतोय, आता कशाला?" पुढचा झटका छोटाच असेल असं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. ते फक्त तुला घाबरतात. सकाळी आठला फोन करून चांगलं झाड त्यांना.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायला गेले, तर बाबा मागे उभे होते. सगळं वाचलं, मुकाट्याने गोळी गिळली आणि म्हणाले, "आता फाड ते पत्र."

फाडत नाही, पोस्टात टाकते आहे. तू फोन करच. उद्याची गोळी अजून घ्यायची आहे.