भगदाडाला हात लावायचा नाही

१२ जानेवारी, दुपार
बाथरूमच्या टाइल्स फोडता फोडता काळुराम काँट्रॅक्टरच्या माणसांनी भिंतच फोडली. पलीकडे आमची बेडरूम. आता पलंगावर बसलं की समोर थेट बाथरूमचा नळ दिसतो. भगदाड केवढं, तर परात आरपार जाते. हेमाने घालून बघितली.
अंतरा फेब्रुवारीअखेर नाशिकहून बाळंतपणाला येणार. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तर हे काम काढलेलं. तिला त्रास नको म्हणून कमोड, धरायला दांडा. आणि आता हे.
मी शांत आहे. विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस असा घाबरत नसतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
काळुराम स्वतः आला. भगदाड बघून त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, काका, आमच्याकरना चुकी झाली, नाय बोलत नाय. उद्याच मानूस पाठवतो, चार दिवसांत भिंत बांधून रंग पन मारून देतो, तुमचा एक रुपया नको.
म्हणजे चूक कबूल. साक्षीदार हेमा.
मी ताबडतोब सांगितलं की भगदाडाला कोणीही हात लावायचा नाही. दुरुस्ती झाली की पुरावा गेला. या एका मुद्द्यावर मी किती क्लेम फेटाळले असतील. लोक आधी डागडुजी करायचे आणि मग भरपाई मागायला यायचे. भोळी माणसं.
आधी भरपाई, मग भिंत. बाथरूमही आहे तसंच अर्धवट ठेवायचं.
हेमा म्हणाली, अहो, तो फुकट करून देतोय. हेमाला कायदा कळत नाही.

१५ जानेवारी
हेमाने भगदाडावर जुनी साडी लावायला खिळे आणले. खिळे ठोकू दिले नाहीत. नवी भोकं पडली की मूळ नुकसानाबद्दल शंका निर्माण होते. साडी सेलोटेपने लावली. पडली. पुन्हा लावली. पुन्हा पडली.
अंघोळीला हेमा शेजारी रमाबाईंकडे जाते. मी स्वयंपाकघरातल्या मोरीत, बादली घेऊन. थोडी गैरसोय सोसावी लागणारच.

२२ जानेवारी
नोटीस तयार. वकील नको, वकील मिटवामिटवी करतात. कलम नऊ विशेष: ‘गर्भवती कन्येच्या माहेरच्या बाळंतपणात अडथळा आल्याने मातापित्यांना झालेले तीव्र मानसिक क्लेश.’ लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कलम उत्तम जमलंय.
अंदाज: काळुराम आठवड्यात शरण येईल. अंतरा यायच्या आत भरपाई, भिंत, रंग, सगळं.

३ फेब्रुवारी
नोटीस परत आली. शेरा, अपुरा पत्ता. तो इथे कल्याणातच, मोहन्याला राहतो; सगळे त्याच्या घराला काळुरामशेठचा बंगला म्हणतात. पण ज्याला नोटीस द्यायची त्याला शेठ कसं लिहिणार? नुसतं काळुराम, मोहने, एवढंच लिहिलेलं. तत्त्व म्हणून काही असतं की नाही.
संध्याकाळी काळुरामच दारात. हातात पत्रिका. त्याच्या मुलीचं, समृद्धीचं लग्न. म्हणाला, काका, रविवारी हलद हाय, काकूंना घेऊन जेवाला यायचा, नाय बोलायचा नाय. शिवाय भिंतीचं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो.
पण संधी चालून आलीय. नोटीस हातोहात द्यायची, चारशे माणसांसमोर. फोटोही काढायचा.

८ फेब्रुवारी, सकाळ
हेमा म्हणते, लग्नघरी रिकाम्या हाताने जायचं नाही. म्हणून आहेराचं पाकीटही घेतलंय. डाव्या खिशात आहेर, उजव्या खिशात नोटीस. दोन्ही पाकिटं पांढरी, पण माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला त्याची अडचण नाही.

९ फेब्रुवारी
मोहीम फत्ते. मांडव केवढा! डीजे असा की छातीत धडधड व्हावी. काळुराम पाया पडला, हाताला धरून स्टेजवर घेऊन गेला. पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. हेमाने फोटो काढला. नोटीस कपाळाला लावणारा प्रतिवादी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आहेर नवरीशेजारच्या पेटीत टाकला.
मटण आणि तांदळाची भाकरी याला तोड नाही. दोनदा वाढून घेतलं. याचा केसशी काही संबंध नाही.

११ फेब्रुवारी
समृद्धीचा हेमाला फोन. आहेर उघडत बसलेली, त्यात नोटीस निघाली. म्हणजे काळुरामने कपाळाला लावला तो आहेर होता.
बिघडलं काही नाही. नोटीस प्रतिवादीच्या कुटुंबात पोचली, हे महत्त्वाचं. हेमा सांगते की कलम नऊ वाचून समृद्धीला रडू आलं. कलम जमलंय हे मी म्हणालोच होतो.
हेमा माझ्याशी धड बोलत नाही. लाजेने तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणते.

१४ फेब्रुवारी
काळुरामची आई, ठमाबाई, रिक्षा करून आली. आधी भगदाडातून आत डोकावली, मग माझ्याकडे बघितलं, मग हेमाशेजारी जाऊन बसली. म्हणाली, माजे नातीची खोली आता मोकलीच हाय, तलमजल्यावं, न्हानी पन आत. पोरीला तिथं आना. बालंतीनीला धूल बरी नाय.
हेमा लगेच हो म्हणाली. मला न विचारता.
प्रतिपक्षाकडून लाभ घेतला की दावा कमजोर होतो. हे दोघींना समजावलं. दोघी चहा पीत होत्या. शेवटी मार्ग काढला: लाभ घ्यायचा, पण हक्क अबाधित ठेवून. तसं पत्र लिहून ठमाबाईच्या हातात दिलं. तिने नीट घडी घालून त्यात सुपारी बांधली.

२८ फेब्रुवारी
अंतरा आली. स्टेशनवरून थेट मोहन्याला. हेमाही तिकडेच राहायला गेली. मी इथे. पुरावा वाऱ्यावर सोडून कसं चालेल?
अंतराचा फोन आलेला. बाबा, तुम्ही पण या ना. मी परिस्थिती समजावली. ती म्हणाली, मला आपल्या घरी यायचंय. मी म्हटलं, फक्त थोडे दिवस, बेटा. तोवर भरपाई येते.
दुपारी काळुरामच्या घरून माझा डबा आला. सुकट होती. हक्क अबाधित ठेवून जेवलो.

९ मार्च
ठाण्याला जाऊन ग्राहक आयोगात तक्रार दाखल. बस, मग रिक्षा, मग जिने. खिडकीवरच्या माणसाने त्रुटी काढल्या: प्रती कमी, पानांना नंबर नाहीत. त्रुटी काढण्यात मीही तरबेज होतो, त्यामुळे राग आला नाही. आला, पण दाखवला नाही.
घर फार शांत आहे. भगदाडातून नळ ठिबकताना ऐकू येतो.

१८ मार्च
मुलगी झाली. अंतरा ठीक.
मी त्रुटी पूर्ण करायला ठाण्याला गेलेलो, फोन सायलेंटवर. अंतराच्या पहाटेपासून पोटात दुखत होतं म्हणे. काळुरामने गाडी काढली, तोच हॉस्पिटलला घेऊन गेला. मी पोचलो तेव्हा तो सगळ्या मजल्यावर पेढे वाटत होता. मलाही एक दिला. काका, नात झाली तुमाला, म्हणाला. माझी नात झाल्याची बातमी मला काँट्रॅक्टरने दिली.
फार गोड आहे. नाक आमच्याकडचं. उद्या पाडवा आणि आज ही आली. तक्रारीला नंबर मिळाला, तोही आजच. दोन्ही शुभ.

२९ मार्च
बारसं मोहन्याला, काळुरामच्या हॉलमध्ये. मला निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं. हेमाने ग्रुपवर टाकलेलं, त्यात मीही होतो.
ठमाबाईने आगरी पाळणा म्हटला. मला काही येत नव्हतं, मी टाळ्या वाजवल्या. अंतराने विचारलं, बाबा, घर कधी होईल? मी सांगितलं, तारीख मिळालीय.

२४ एप्रिल
हेमाचा फोन. अंतरा एकोणतीसला सकाळी नाशिकला परत जाणार. माझी तारीख अठ्ठावीस. बरोब्बर बसतंय. अठ्ठावीसला निकाल माझ्या बाजूने. तिथूनच काळुरामला फोन करून माणसं बोलवायची. संध्याकाळी बाळ-बाळंतिणीला घरी आणायचं. निदान एक रात्र. पलंगावरची पुठ्ठ्याची खोकी काढून ठेवली, चादर बदलली. धूळ पुन्हा बसली, पुन्हा बदलली.

२८ एप्रिल, संध्याकाळ
सुनावणी झाली. भगदाडाचे मोठे कलर फोटो नेलेले. आयोगाच्या बाईंनी सगळे बघितले. मी कलम नऊ वाचून दाखवलं, त्यांनी मधे थांबवलं नाही. मग विचारलं, काँट्रॅक्टरने दुरुस्ती करून द्यायची तयारी दाखवली होती का?
हो म्हणालो. कधी? त्याच संध्याकाळी. पैसे मागितले? नाही. मग दुरुस्ती का झाली नाही? मी सांगितलं, मी करू दिली नाही, पुरावा जपला. हे सांगताना मला अजून अभिमानच वाटत होता.
बाई म्हणाल्या, मग तुमच्या मुलीला घरी येता आलं नाही, ते कोणामुळे?
क्लेम मागणाऱ्याला उत्तर द्यायला वेळ लागला की मी फाइल बंद करायचो. आज मला फार वेळ लागला. बाईंनी तक्रार मागे घेण्याचं सुचवलं. रागाने नाही, समजुतीनेच. मी सही केली.
घरी येऊन पलंगावर बसलो. चादरीवर सिमेंटची पूड. अंतरा दोन महिने कल्याणात होती आणि या खोलीत एकदाही झोपली नाही. नात या घरात एकदाही रडली नाही. मला फार वाईट वाटतंय. हे मी तिच्यापासून हिरावून घेतलं आणि वर त्याची भरपाई मागत होतो.
काळुरामला फोन लावला. म्हटलं, भिंत बांधून टाक. तो एवढंच म्हणाला, हा काका, उद्या दुपारी मानसं आनतो, चार दिवसांत करून देतो.
मी विचारलं, सकाळी लवकर नाही का येता येणार?
सकाली नाय जमनार काका, म्हणाला. अंतराताईला नि बालाला नाशिकला सोडाला चाललोय.