पाळण्यातला ळ

मुक्काम धाड, रविवार, दिवेलागण

भाचीचं बारसं झालं, पण तो ळ काही डोक्यातून जात नाही.

मी तिची आत्या, म्हणून नाव ठेवायचा मान माझा. पाळणाही आपणच रचायचा, ही हौसही माझीच. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ळ हवा! काय करू, कवितेत या अक्षराने मला कायम भुरळ घातलीय. पाणी खळखळतं, पानं सळसळतात, ऊन कोवळं होतं, मन हळवं होतं. शब्दाच्या सुरुवातीला बिचाऱ्याला कुणी बसू देत नाही, पण काही मऊ म्हणायचं झालं की कवीला तोच आठवतो. म्हणून बाळ, सकाळ, आभाळ, असा रचत गेले.

आणि गायला कोण? आई आणि गल्लीतल्या बाया! आमच्या वऱ्हाडी तोंडात ळ टिकतो कुठे? पहिल्याच ओळीला बाय, मग सकाय, मग आभाय. माझा एकूण एक ळ गेला. जन्म इथे काढला, तरी हे आधी सुचू नये मला? पाळण्याची दोरी धरून रुसून बसले.

आई हळूच म्हणाली, "काऊन तोंड पाडून बसली वं? पाह्य, झोपली पोट्टी."

खरंच झोपली होती. आणि यमक तर कुठेच तुटलं नव्हतं.

आता इथे ळ लिहिताना बरं वाटतंय. पण मघापासून तोच पाळणा ओठांवर आहे, आणि त्यात एकही ळ नाही.