किल्ला आणि बाबांचे गुडघे

३ नोव्हेंबर, सोमवार

नव्या नोकरीला होकार कळवून टाकला! एक डिसेंबरला परगावी हजर व्हायचं. कवळ्यांचा अख्खा विभाग माझ्या हाताखाली. इतकी वर्षं ह्या कोंदट खोलीत लोकांचे नकली दात घासतेय — मेण, प्लास्टर, पॉलिश — आणि वर मालकांचं, 'बाई, दाढ जरा उंच झाली.' सुटले एकदाची!

बाबांना सांगितलं. म्हणाले, "किल्ला तेवढा दाखव. मग जा कुठं जायचं ते."

मागणी रास्त आहे. नोकरीभर कंडक्टर. किल्ल्याच्या थांब्यावर रोज घंटी मारली, उतरायला कधी मिळालं नाही. नदीपलीकडचा पडका बुरूज खिडकीतून दिसायचा तेवढाच. निवृत्त झाले आणि गुडघे गेले. तेव्हापासून जिना मी, आंघोळीचं पाणी मी, हाक मारली की मी.

रविवारी नेते म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

गुडघा सुजला म्हणे. मला तर सूज दिसली नाही. शेक दिला, दिवस संपला.

दादाचा फोन. "तू आहेस म्हणून मी निवांत आहे." असणारच! दुरून डोंगर साजरे, दुरून बापही साजरा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मालकांना अजून सांगितलं नाही. किल्ला होऊ दे एकदा.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बाबांना ऊन फार. मग चप्पल चावते. कालच नवी आणली! दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथं दात आहेत, चणेही आहेत, पण तोंड उघडेल तर शपथ.

मी भांडले. "तुला घाई झालीय मला टाकून जायची," म्हणाले. दुपारभर मी खिडकीशी बसले. समोर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावर पाण्याचा पाइप. श्वास कोंडतो इथं. ह्या घरात मी म्हातारी होणार, नक्की.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो!

जिना उतरवेपर्यंतच मी घामाघूम. पलीकडे जायला होडी. नावाड्याने हात मला दिला, बाबांना नाही. म्हटलं, "अहो, आधी त्यांना धरा." तो हसला. "काकांना कशाला?" बाबा पाण्याकडे बघत होते.

पलीकडे दगडी पायऱ्या, निम्म्या नदीनं खाल्लेल्या. मी बाबांचा दंड घट्ट धरला. "डावीकडून चल, तो दगड हलतो," ते म्हणाले.

पाय ठेवून पाहिला. हलला!

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी दंड सोडवून घेतला आणि सरळ वर चढून गेले. वर दरवाजा — म्हणजे नुसती कमान, दारं कधीच गेलेली. कोणीही या, कोणीही जा. त्या कमानीत उभी राहून मी ओरडले. बाप म्हटलं नाही, काही म्हटलं नाही. वरची कबुतरं उडाली.

"दुखत होते गं," म्हणाले. "पहिली दोन वर्षं खरंच दुखत होते. मग थांबले. सांगितलं असतं तर तू गेली असतीस. तू कामावर गेलीस की घर खायला उठतं. मग इथं येऊन बसतो."

तटावर बसलो. खाली नदी. त्यांनी खिशातून बिस्किटं काढली, अर्धी मला दिली. संताप आला, रडू आलं, आणि हो — बिस्किटंही खाल्ली. भूक लागली होती.

"जा आता तू," म्हणाले. "मला सगळं जमतं. पाहिलंस की."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी एकट्यानं भाजी आणली, शीळ घालत जिना चढले, चहा केला. माझ्यापेक्षा बरा! दोनदा विचारलं, "बॅग भरलीस का?"

माळ्यावरून काढली. पुसली. तशीच उघडी पडलीय. नव्या गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. मालकांना सांगायचं आज पुन्हा राहिलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा किल्ल्यावर गेले होते, तेव्हा नव्या ठिकाणाहून फोन आला. "सोमवारी येताय ना?"

म्हटलं, "नाही जमणार हो. बाबांचे गुडघे दुखतात."