कुंपणाच्या तळाचं भोक

लेडबरी,
४ नोव्हेंबर

प्रिय थेल्मा,

तू बरी असशील. मी बरी आहे. गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतोय. एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहून पत्र लिहावं लागतंय, याला माझा इलाज नाही. बोलणं तू टाकलंस.

मुद्द्यावर येते. आपल्या मधल्या कुंपणाला तळाशी कुणीतरी करवतीनं भोक पाडलंय. मांजरीचं डोकं जाईल एवढं. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्यात, म्हणजे हे काम उंदराचं नव्हे. पोस्टमन माल्कम खदखदून हसला. म्हणाला, "बेरिल, तुझ्या कोबीवर दरोडा घालायला कुणी एवढी मेहनत घेईल का गं?" मी म्हटलं, "तू माझ्या बहिणीला ओळखत नाहीस."

पहिल्यांदा वाटलं, कुंपणाची हद्द सरकवायचा डाव आहे. मग भोकाच्या माझ्या बाजूला वाळक्या पानांचा ढीग दिसला. त्याच्याशेजारी बशी. तेव्हा कळलं, पुन्हा त्या गोगलगायी खाणाऱ्या काटेरी हेजहॉगचं खूळ!

मागचा हेजहॉग मेला तेव्हा तू भर गल्लीत ओरडली होतीस, की बेरिलच्या गोगलगाय मारायच्या निळ्या गोळ्यांनी मेला. मी म्हटलं, तुझ्या दूधपावानं मेला. आई घालायची म्हणून तूही घालायचीस, आणि त्या बिचाऱ्यांना दूध पचत नाही हे ऐकायची तुझी तयारी नव्हती. त्यावरून कुंपण जमिनीपर्यंत फळ्या ठोकून बंद झालं.

आणि आता या बशीत काय? मांजराचं खाणं. दुसऱ्या बशीत साधं पाणी. दूध नाही!

थेल्मा, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. तू हार मानणारी नव्हेस. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही आपल्या घराची रीत. न बोलता, न भांडता तू दुधाचं पाणी केलंस, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

मग मी लक्ष ठेवायला लागले. हो, पडद्याआडून. राखाडी कोटातला एक माणूस तुझी बाग मापत होता. तू त्याला चहा दिलास, आपल्या आईच्या चांगल्या कपात. दुसऱ्या दिवशी माल्कमला धरला. आधी म्हणाला, "मला काही माहीत नाही बुवा." मी दारातून हलू दिलं नाही, तेव्हा म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून थेल्माची पत्रं लीड्सला, लेकीकडे पाठवायची आहेत. तिला पायऱ्या झेपत नाहीत आता. मी सांगितलं म्हणू नकोस."

म्हणजे घर विकून तू चालली आहेस. आणि जाताना हेजहॉग माझ्या गळ्यात घालून चालली आहेस. एक शब्द न बोलता!

दर पाच नोव्हेंबरला गल्ली माझ्याकडे जमते, त्या उद्याच्या शेकोटीचा लाकडांचा ढीग आज नेहमीप्रमाणे उपसून पाहिला. पेटवण्याआधी आत कुणी झोपलंय का ते बघायलाच हवं. तर तळाशी तो होता. पानांत गुरफटून, छान घोरत. ढीग तसाच परत रचला. या वर्षी माझ्याकडे शेकोटी नाही. गल्लीला काय सांगायचं ते सांगेन. निळ्या गोळ्याही यंदा टाकल्या नाहीत. कोबीची चाळण झालीये. कारण विचारू नकोस.

पण एक स्पष्ट सांगते. तुझा प्राणी मी सांभाळणार नाही. बश्या रोज कोण धुणार? मला वाकवत नाही. माझ्या घरात पायऱ्या नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मागची खोली रिकामी आहे, उन्हाची आहे. मला तू जायला नको आहेस. झालं, लिहिलं.

हे पत्र माल्कमकडे देत नाही, मेला वाचेल. भोकातून सारतेय.

तरीही तुला लीड्सला जायचंच असेल, तर आधी इकडे ये आणि ते भोक स्वतःच्या हातानं बुजव. माझ्याच्यानं होणार नाही.

अजून पडद्याआडच उभी असलेली,
तुझी थोरली,
बेरिल