याडीच्या डोक्यातलं पाणी

तांडा, आर्णी तालुका
१७ नोव्हेंबर २०२५

जयाताईंना ममताचा जय सेवालाल.

होळीपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागद लिहिते. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण आधी वाचून घ्या. फुलचंदकाका घाटंजीला निघालेत, त्यांच्याच हाती देते.

आम्ही बरे आहोत. कापूस वेचणी सुरू आहे. तुमचे बा दिवसभर आईच्या, आपल्या याडीच्या, खाटेजवळ बसून असतात.

आधी कड्यांचं सांगते. बा जिवंत असताना विधवेसारखी याडीच्या पायातली कडी काढली, म्हणून तुम्ही चार बायकांत मला बोललात. याडीचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले, तेव्हा सगळा तांडा म्हणाला, चांदीचं ओझं आहे. तुमच्या भावाने सोनाराकडून कडी कापून घेतली. पाय तरी चिकटलेलेच. मग गुडघ्याचं तेल झालं, देवाचं झालं. लघवी सुटून फेटियाचा घेर ओला व्हायला लागला, ती नातवंडांची नावं विसरली. आम्ही म्हणालो, वय झालं.

वय नव्हतं, ताई. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, डोक्यात पाणी साचलंय. चाल, लघवी, विसरणं, तिन्ही त्यामुळेच. मागच्या मंगळवारी त्यांनी कमरेतून सुईने थोडं पाणी काढून पाहिलं. सकाळी दहा पावलांना भिंत धरणारी याडी संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि स्वतःच वळून आली. तुमचा भाऊ तोंड फिरवून रडला. दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखं झालं.

कायमचं हवं तर नळी बसवायची. एक टोक डोक्यात, दुसरं पोटात. जास्तीचं पाणी कातडीखालून उतरून पोटात जिरतं. कमरेतूनही पोटात नेता येते, तेव्हा कवटीला हात लागत नाही, पण याडीचे मणके झिजलेत म्हणून डॉक्टर ते नको म्हणतात. कोणाचं पोट खराब असलं तर हृदयाकडे नेतात, आपल्याला त्याची गरज नाही. नळीला झडप असते. एक कायमची ठरलेली, दुसरी बाहेरून चुंबकाने कमीजास्त करता येणारी. डॉक्टर दुसरी सुचवतात. धोका आहेच. जंतूंची लागण होईल, नळी तुंबेल, पाणी जास्त उतरलं तर डोक्यात रक्त साचेल. मी विचारलं, सगळ्यांनाच गुण येतो का? ते म्हणाले, सगळ्यांना नाही, पण सुईने फरक पडला त्यांना आशा जास्त.

गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. बा सही करत नाहीत. म्हणतात, "जयाले इचारा. थे हो म्हनन तं मी अंगठा देतो."

आणि मी? आठवडाभर मी घरात नको नको म्हणत होते. या वयात कवटीला भोक कायले? सगळ्यांना वाटलं, मला सासूची काळजी. खरं कारण आता लिहिते.

मंगळवारी व्हरांड्यातून परत आल्यावर याडीने माझा हात धरला. डोळे अगदी पूर्वीसारखे. म्हणाली, "ममता, तू मले पाणी काहून देत नव्हती वं?"

ताई, तिच्या ओल्या कपड्यांचं धुणं रोज उरकत नव्हतं. मी दुपारी चारनंतर तिला पाणी बंद केलं. मागितलं की सांगायचे, माठ रिकामा आहे. उन्हाळ्यातही. एकदा तिला बकऱ्यांच्या घमेल्यातलं पाणी ओंजळीने पिताना पाहिलं. मी घमेलं उचलून ठेवलं आणि कोणाला बोलले नाही. विसरणारच आहे, असं मनात म्हणाले.

ती विसरली नव्हती. तेव्हापासून मला भीती वाटते, की ती बरी होईल आणि बोलेल. अशी भीती वाटते याची लाज त्याहून मोठी आहे. भीतीपायी मी तिला खाटेवर पडू देणार होते.

आज सकाळी मी बा आणि तुमच्या भावाला सगळं सांगितलं. बांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. आता तुमच्याशिवाय सांगायचं कोणी राहिलं नाही.

बुधवारी या. मला काय बोलायचं ते बोला, तांड्यासमोर बोला. पण बांना हो म्हणा. याडीला सगळं आठवू दे, माझं केलेलंसुद्धा.

भावजय म्हणवून घ्यायचं तोंड नाही, म्हणून नुसती
ममता