गेडी यार्डातला माझा अर्धा हिस्सा

मी, कुमारी एल्स्पेथ गेडी, वय अठ्ठावीस, राहणार पोर्टगॅरी, परगणा फाइफ, जहाजे तोडण्याच्या व भंगाराच्या धंद्यातील अर्ध्या हिश्श्याची मालकीण, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुरुवारी एडिंबरोत माझ्या गळ्यातली गाठ कापणार आहेत. मला भीती वाटते आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही.

१. राहते घर माझा भाऊ डंकन याच्या पत्नीला, नॅनला. डंकनला नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

२. जहाजांच्या सागवानी फळ्यांची दोन बाके चर्चला. त्यांवर सँडीकाका बसले तरी माझी हरकत नाही, असे लिहिणार होते. पण ते खोटे होईल. बाबांना पुरून आल्यावर भरल्या घरात ते म्हणाले होते, "आता ही पोरगी जहाजं तोडणार? आधी पाव नीट तोडू दे." बसोत.

३. यार्डाविषयी. ते निम्मे माझे, निम्मे डंकनचे. बाबा हातगाडीवर चिंध्या आणि लोखंड गोळा करत गावोगाव फिरायचे. महायुद्ध संपून नौदलाने जुनी जहाजे विकायला काढली, तेव्हा त्यांनी एक लहान नौका घेतली आणि भरतीच्या पाण्यावर किनाऱ्याला लावली. त्यांना अक्षरओळख नव्हती. नौकेचे नाव मी वाचून दाखवले. "तुझं वाचून झालं ना?" असे विचारून त्यांनी तो नावाचाच पत्रा सर्वांत आधी कापायला लावला.

गॅसकटर चालवणाऱ्यांना रोज सकाळी दूध देण्याची पद्धत त्यांचीच. जहाजांच्या रंगात शिसे असते; कापताना तो जळून होणाऱ्या धुराचे विष दुधाने उतरते, असे यार्डात सगळे मानतात. ती बाबांची माया होती. दूध चालू ठेवावे. पण ते औषध नव्हे. मी डॉक्टरांना दोनदा विचारले. दूध पोटात जाते, धूर छातीत जातो.

गेल्या महिन्यात जेवताना डंकन हसला आणि मला त्याच्या हिरड्यांवर निळी रेघ दिसली.

"परत हस बघू."

"घोडा विकत घेतेस का, दात बघायला?"

"डंकन, हे शिसं आहे. कापायच्या जागेवरचा रंग आधी खरवडून काढायला हवा."

"मे महिन्यात एवढं मोठं जहाज येतंय. खरवडत बसलो तर पुढच्या ईस्टरलाही ते इथंच असेल. आणि मी दूध पितो की, दोन-दोन पेले!"

त्याच्या पोटात पीळ पडतो, हे नॅनने मला नंतर सांगितले.

४. म्हणून माझा अर्धा हिस्सा डंकनला, पण दोन अटींवर: रंग खरवडल्याशिवाय यार्डात कोणीही पत्रा कापायचा नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत डंकनने स्वतः गॅसकटर हातात धरायचा नाही. यांपैकी एकही मोडली, तर हिस्सा त्या दिवसापासून नॅनचा. त्यासाठी नॅनने वकिलांना तोंडी सांगितले तरी पुरे.

हे मी नॅनला वाचून दाखवले. ती बटाटे सोलत होती.

"म्हणजे मी माझ्याच नवऱ्याची चहाडी करायची?"

"हो."

"आणि त्यानं मला घराबाहेर काढलं तर?"

"घर तुझं असेल."

तिने सोललेला बटाटा पातेल्यात टाकला. मग म्हणाली, "तू फार वाईट आहेस, एल्सी," आणि पुढचा बटाटा घेतला. याला मी तिचा होकार समजले आहे. चूक असल्यास तिने गुरुवारच्या आत सांगावे.

५. डंकन, मी जगले तर हे तुला तोंडावर सांगेन आणि आपण कडकडून भांडू. तू ओरडशील, मी रडेन, आणि कदाचित अर्ध्यावर तडजोड करू. मेले तर भांडायला मी नसेन. म्हणून अटीत तडजोडीला जागा ठेवलेली नाही.

सही: एल्स्पेथ गेडी

आम्हा दोघांसमोर तिने वरील मजकूर स्वतः वाचून सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार: आयना लॉरी, शिक्षिका
अँगस वीम्स, पोस्टमास्तर

पोर्टगॅरी, ता. ९ मार्च १९३७